अर्ध्या विटेची भिंत

"पाळणा त्या भिंतीला लावू नकोस, केतकी. ती भिंत अर्ध्या विटेची आहे. इकडचं सगळं तिकडे जातं."

जुईचं बारसं होतं. सुगंधाआत्या, म्हणजे हृषीकेशच्या आत्या, मलकापूरहून रिक्षाने आल्या होत्या. घुगऱ्यांचं पातेलं हातातून खाली ठेवायच्या आधीच त्यांनी पाळण्याकडे बघून हे सांगितलं.

"जाऊ दे की तिकडे," मी हसून म्हणाले. "आमच्याकडे चोरून ऐकण्यासारखं आहे तरी काय, आत्या? रडणं आणि ढेकर."

आत्या हसल्या नाहीत. "बघ बाई," एवढंच म्हणाल्या आणि बायकांना घुगऱ्या वाटायला गेल्या.

पाळणा तिथेच राहिला. दुसरीकडे जागाही नव्हती. कराडला नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात ते घर होतं. मुळात एकच घर, पण दोन भावांनी वाटणी करताना मधोमध भिंत घातली, आणि तीही हात आखडून. धाकटा भाऊ बायकामुलांना घेऊन पुण्याला गेला. त्याचा अर्धा भाग आम्ही भाड्याने घेतला होता, कारण हृषीकेशची बँक तिथून चालत जाण्याजोगी होती. उरलेल्या अर्ध्या भागात थोरल्या भावाची बायको, प्रयागकाकू, एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी शालन लग्न होऊन सांगलीला. काकू बायकांचे ब्लाऊज शिवायच्या. पायाने चालवायचं काळं मशीन होतं त्यांचं, बरोब्बर आमच्या पाळण्याच्या पलीकडे, त्याच भिंतीला लागून.

जुई झोपायची नाही. सगळीच बाळं कमी झोपतात असं मला लोक सांगायचे, पण ते लोक दुपारी आमच्या घरी नसायचे. मांडीवर डोळे मिटायची, पाळण्यात ठेवलं की उघडायची. झोपलीच चुकून, तर मला भीती वाटायची. श्वास चालू आहे ना म्हणून मी नाकाखाली बोट धरायचे, आणि त्या बोटाने ती जागी व्हायची. मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. प्रयोगशाळेत तासन्‌तास एका थेंबाकडे बघत बसायची मला सवय. तीच नजर मी पोरीवर लावली होती. हृषीकेश म्हणायचा, "अगं, ती बाळ आहे, उतू जाणारं दूध नाही."

त्या घरात पहिल्यांदा ती गाढ झोपली ती प्रयागकाकूंच्या मशीनवर. जेवणं उरकून काकू शिवायला बसल्या, भिंतीतून आवाज आला. खर्रर्र. मग थोडं थांबून पुन्हा खर्रर्र. जुईच्या मुठी सैल झाल्या, तोंड उघडं पडलं. मी बोटही धरलं नाही. आवाज चालू होता तोवर सगळं ठीक आहे असं का कोण जाणे, मलाच वाटलं, आणि पाळण्याची दोरी हातात धरून मीही बसल्याबसल्या झोपले.

मागच्या बाजूला दोन्ही घरांची परसं होती, मध्ये कमरेएवढा कट्टा. तिथे आमची गाठ पडायची. मी दुपटी वाळत घालत असायचे, काकू तुळशीला पाणी घालत असायच्या. बोलणं सुरू व्हायचं ते टोमण्यानेच.

"काय गं कालेजवाली, दुपटी पिळतीस का गोंजारतीस? पाणी बघ किती गळतंय."

"तुमच्यासारखा जोर नाही काकू हातात."

"जोर कुठनं येणार? दोन घास खातीस आणि दहा वेळा पोरीकडं पळतीस."

आणि संध्याकाळी कट्ट्यावर वाटी असायची. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी डिंकाच्या लाडवाचा चुरा. ती वाटी मी रिकामी परत करायची नाही आणि माझी त्यांनी रिकामी द्यायची नाही, असं करत दोन्ही घरांच्या वाट्या इतक्या सरमिसळ झाल्या होत्या की कुठली कोणाची ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

असंच एकदा त्यांनी विचारलं, "पोरी, माझ्या मशीनीचा लेकराला तरास हुतो का गं? खरं सांग. भिडंला पडू नगं."

"त्रास? काकू, उलट मशीन चालू असलं तरच ती झोपते. तुम्ही थांबलात की डोळे उघडते आणि माझ्याकडे अशी बघते, जसं काही मीच बंद केलंय."

"अगं बया. म्हंजे बिलाऊज दुसरीचा, दोरा तिसरीचा, आणि झोप हिची." काकूंनी तांब्यातलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं. "बरं झालं सांगितलंस."

मी ते बोलले आणि विसरले. अशी किती वाक्यं आपण दिवसभर बोलतो.

त्यानंतर मशीन एकाही दुपारी चुकलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला चाललं. संक्रांतीला, बाहेर बायका हळदीकुंकवाला हिंडत असताना चाललं. मला वाटायचं, काय धंदा आहे या बाईचा. म्हणून हृषीकेशच्या मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मी माझ्या मोरपंखी साडीतलं ब्लाऊजपीस मोठ्या विश्वासाने काकूंना नेऊन दिलं. त्यांनी ते हातात घेतलं, पदराने पुसल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "ठेव फळीवर. बघू."

चार-दोन आठवडे गेले. कट्ट्यावर मी विचारायचे, "काकू, माझं कुठवर आलं?"

"बाही काढायची ऱ्हायलीया."

पुढच्या वेळी विचारलं तर म्हणाल्या, "अस्तर आणायचं ऱ्हायलंय." मी तोंडाने बरं म्हणायचे, पण आतून जरा लागायचं. गावाचं शिवतात रोज दुपारभर, आणि शेजारणीचं तेवढं राहतं.

त्याच सुमारास काकूंचा डावा गुडघा सुजला. कट्ट्याशी उभ्या राहिल्या की एका पायावर भार देऊन राहायच्या, करकोच्यासारख्या. शालनताई येऊन त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. जाताना आमच्या दारात थांबल्या.

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं आई ऐकेल. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायलाच हवं. आणि मशीनच्या पायडलला हात जोडा म्हणाले. असंच चालू राहिलं तर पुढं पाऊल टाकता यायचं नाही. मी सांगलीला चल म्हणते, तर हिचं आपलं एकच. हातात कामं आहेत."

मी काकूंना सांगितलं. नीट समजावून सांगितलं, कूर्चा कशी झिजते तेही सांगितलं.

"जाईन गं. हातातली कामं उरकली की जाईन."

"मग नवी घेऊ नका ना."

"नवी कुठं घेतीया? जुनंच गिऱ्हाईक हाय. तोडवत न्हाई."

मी पुढे ताणलं नाही. खरं सांगायचं तर त्या गेल्या असत्या तर माझ्या दुपारींचं काय, हा विचार माझ्या मनात एका बाजूला बसूनच होता.

लग्न परवावर आलं. त्या दुपारी जुई झोपली होती, मशीन चालू होतं. मी ठरवलं, आज जाऊन ब्लाऊज घेऊनच यायचं, नसेल झाला तर पीस परत मागायचं. जुई झोपेत असताना मी कधी घर सोडत नसे, पण पलीकडे जायला असा किती वेळ लागणार. खीर केली होती, ती वाटीत घेतली. दार नुसतं लोटलं आणि पुढच्या अंगणातून वळून काकूंच्या उंबऱ्याशी आले.

दार उघडंच होतं. काकू मशीनवर बसलेल्या, माझ्याकडे पाठ. गुडघ्याला जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून बांधलेला, त्यावर हळदीचे डाग. पाय वरखाली होत होते, एक नीट आणि एक ओढत. हाक मारणार, तेवढ्यात मला त्यांची मान दिसली. त्या समोर बघत नव्हत्या. डोकं कलतं करून त्यांनी कान भिंतीला लावला होता. डोळे मिटलेले.

मग मी मशीनकडे बघितलं. सुईत दोरा नव्हता. खाली कापड नव्हतं. सुई नुसती वरखाली होत होती. वर रीळ लावायची दांडी, तीही रिकामी. फळीवर माझं मोरपंखी पीस मी ठेवलं होतं त्याच घडीत पडलेलं, आणि त्याच्या शेजारी दुसरं एकही कापड नव्हतं.

खर्रर्र. काकू थांबल्या. कान भिंतीला तसाच. पलीकडे माझी पोर चुळबुळली असावी, कारण काकूंनी ओठ दाबून घेतले आणि पुन्हा पाय मारला. खर्रर्र.

इतके महिने मला वाटत होतं की त्या थांबतात ते कापड वळवायला. त्या थांबत होत्या ते ऐकायला.

मी वाटी घेऊन तशीच परत आले. खिरीवर साय धरली होती. पाळण्याजवळ बसून भिंतीकडे बघत राहिले. जुनं गिऱ्हाईक कोण ते मला कळलं होतं. ते माझ्यासमोर तोंड उघडं टाकून घोरत होतं.

संध्याकाळी हृषीकेशला सांगितलं. तो उठून पाळण्यापाशी गेला. मग म्हणाला, "सांगून टाक त्यांना, आता नको म्हणावं मशीन."

"आणि जुई रडली की? भिंत अर्ध्या विटेची आहे. त्या पाय मारायला बसणार नाहीत असं वाटतं तुला?"

"मग?"

"मग हिला झोपवायचं. खरंच झोपवायचं."

लग्नाला मी जुनाच ब्लाऊज घालून गेले. आल्यावर पाळणा ओढत स्वयंपाकघरात नेला, त्या भिंतीपासून जितका लांब नेता येईल तितका. मधलं दार लावलं. मशीनचा आवाज तिथे अगदी पुसट यायचा. जुईने लगेच भोकाड पसरलं. मी ओव्या म्हटल्या, अंगाई म्हटली, पाढेही म्हटले. काही नाही. पंखा मोठा केला, मिक्सर रिकामा फिरवून बघितला, तर दोघीही दचकलो. शेवटी हताश होऊन मी भांडी आवरायला घेतली आणि लाटणं किसणीवरून घसरलं.

खर्रर्र.

जुई गप्प झाली. मी पुन्हा लाटणं ओढलं. तिने डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं, नकली नोट ओळखणाऱ्या कॅशियरसारखं. पण रडली नाही.

त्या दुपारपासून मी किसणी मांडीवर घेऊन बसू लागले. मनगट भरून यायचं. पहिल्यांदा ती कशीबशी डुलकी काढायची, मग हळूहळू नीट झोपू लागली. मग मी लाटणं सावकाश ओढायला लागले, मधलं थांबणं वाढवत गेले. आमच्या घरात तेवढे दिवस खोबऱ्याचा कीस झाला नाही. आणि हे सगळं चाललेलं असताना पलीकडे प्रयागकाकू सुजल्या गुडघ्याने रिकाम्या भिंतीला मशीन ऐकवत होत्या, हे मला आत टोचत राहायचं. पण मध्येच बोलून फसगत झाली असती तर त्यांनी पुन्हा माझ्यावर विश्वास ठेवला नसता.

एका सकाळी मी कट्ट्याशी गेले.

"काकू, आज दुपारी मशीन बंद ठेवा."

"का गं? अन् गिऱ्हाईक?"

"गिऱ्हाइकाला मी सांगितलंय."

"कंच्या गिऱ्हाइकाला?"

"तेच. दात नसलेलं."

काकूंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी आधी तुळशीकडे बघितलं, मग आमच्या दोरीवरच्या दुपट्यांकडे. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"कवा कळलं?"

"खीर घेऊन आले होते. तुमचा कान भिंतीला होता."

"चोरावानी येतीस व्हय लोकांच्या घरात." आवाज रागावल्याचा काढायचा होता, पण जमला नाही. मग म्हणाल्या, "सुईचं नेढं दिसंना झालंय गं दीड-दोन वरसं. बायकाबी आता बाजारपेठंत जात्यात, त्यास्नी पाठीला खिडक्या पायजेत. हातातली दोन-चार कशीबशी उरकून मशीन इकायला काढलं हुतं. तेवढ्यात तू म्हणालीस, ही ह्याच्यावरच झोपती."

मी कट्ट्यावरून त्यांच्या हातातला तांब्या घेऊन खाली ठेवला.

"आज बंद ठेवा," मी एवढंच पुन्हा म्हणाले.

दुपारी पाळणा मी मुद्दाम जुन्या जागी आणला, भिंतीला लावला. जुईला आत ठेवलं. पलीकडे शांतता होती, पण ती रिकाम्या घराची नव्हती. कोणीतरी श्वास धरून बसलं की होते तशी होती. जुईने मान वळवून भिंतीकडे बघितलं. वाट बघितली. खालचा ओठ थरथरायला लागला.

मी किसणीवरून लाटणं ओढलं. थांबले. पुन्हा ओढलं. तिने माझ्याकडे बघितलं, पुन्हा भिंतीकडे बघितलं. एकदा हुंकारली. भिंतीपलीकडे खुर्ची कुरकुरली, आणि मला वाटलं, संपलं, आता काकू पाय मारणार. मी लाटणं आणखी सावकाश ओढलं. जुईची मूठ उघडली. पापण्या खाली आल्या, वर गेल्या, पुन्हा खाली आल्या. मी किसणी खाली ठेवली. ती झोपलेलीच राहिली.

मी भिंतीला कान लावला.

पलीकडून अगदी हळू टकटक झाली, नखाने केल्यासारखी.

"झोपली?"

"झोपली."

"मशीनबिगर?"

"किसणीवर."

"कशावर?"

"किसणीवर, काकू. खोबऱ्याच्या. लाटणं ओढून."

मग काकू हसायला लागल्या. तोंडात पदर कोंबून हसत असाव्यात, कारण भिंतीतून नुसते हुंदक्यासारखे आवाज येत होते, आणि मग ते खरंच हुंदक्यासारखे वाटायला लागले.

"म्हंजे आता माझं काय काम न्हाई," त्या म्हणाल्या.

"असं कसं नाही? माझा ब्लाऊज राहिलाय. बाही काढायची राहिलीय, अस्तर आणायचं राहिलंय. नेढ्यात दोरा मी ओवून देईन. पण दोन पायांवर उभ्या राहून मापं घ्यायला या."

पलीकडे पुन्हा खुर्ची कुरकुरली.

"शालनला फोन लाव," काकू म्हणाल्या.

काकू ऑपरेशनसाठी सांगलीला गेल्या त्या दिवशी सुगंधाआत्या भेटायला आल्या होत्या. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर आत्या माझ्याकडे वळल्या.

"मी बारशाच्या दिवशी सांगितलं होतं ना तुला?"

"तुम्ही म्हणालात इकडचं तिकडे जातं. मला वाटलं भांडणं, बोलणी."

"भांडणं कुठली आलीत? प्रयागला मी जुनी ओळखते. तिच्या दिराची पोरं याच भिंतीशी निजायची. त्यांनाही हिनेच झोपवलं, असंच मशीन फिरवून. मग ती पुण्याला गेली एका सकाळी सामान भरून. प्रयाग महिनाभर धड जेवली नव्हती. तुमची बदलीची नोकरी. म्हटलं, पुन्हा लळा लागायला नको तिला." आत्यांनी चपला पायात सरकवल्या. "पण तू हसलीस. म्हटलं, नवी आई आहे, कशाला बोला."

काकू परत आल्या त्या काठी टेकत, पण दोन्ही पायांवर. जुई तोवर धरून उभी राहायला लागली होती. त्या दुपारी भिंतीतून ओळखीचा आवाज आला तशी ती हातातलं सगळं टाकून रांगत गेली आणि दोन्ही तळव्यांनी भिंत बडवली. आवाज थांबला. पलीकडून नखाने टकटक झाली. जुईने पुन्हा बडवली. यावेळी मशीनवर कापड होतं. मोरपंखी. नेढ्यात दोरा मी सकाळीच ओवून दिला होता. एक बाही जरा तंग झाली आहे आणि गळा डावीकडे कलतो. पण लग्नकार्यात मी अजून तोच घालते.

आमची बदली व्हायची होती ती झालीच. सामान भरलं तेव्हा आत्यांचे शब्द माझ्या डोक्यात होते, म्हणून फोनची रीत मी आधीच पाडून ठेवली होती. आता जुई शाळेतून आली की दप्तर टाकून आधी प्रयागकाकूंना फोन लावते. त्या विचारतात, "काय खाल्लंस?" ती सांगते, आणि मग त्यांना तेच विचारते. काकूंनी काही मिळमिळीत सांगितलं तर तिला लगेच कळतं. "आज्जी, खरं सांगा, भिडंला पडू नका," म्हणते. एकदा फोन उचलला गेला नाही, तर तिने मला शालनताईंना फोन करायला लावला. काकू परसात तुळशीला पाणी घालत होत्या.

आमचं आताचं घर नवं आहे, भिंती जाड आहेत. तरी वरच्या मजल्यावर सकाळी कोणीतरी खलबत्त्यात काही कुटतं, त्याचे ठोके खाली येतात. सुरुवातीला मी वैतागले होते. हल्ली ते आले की बरं वाटतं. परवा आले नाहीत, तर वर जाऊन आले. वर राहणाऱ्या आजोबांना सर्दी झाली होती, चहाचं आलं कुटायचा कंटाळा आला होता, एवढंच. चहा मी केला.

तुमच्याकडेही असा एखादा आवाज येत असेल. कोणाची काठी, कोणाची बादली, कोणाचा रोजच्या वेळेचा खोकला. इतका रोजचा की आता तुम्हाला तो ऐकूही येत नसेल. आज आला का तो? आठवत नसेल, तर हे बाजूला ठेवा आणि जाऊन बघून या. कारण हवं असेल तर एक वाटी भरून घ्या. रिकामी परत येणार नाही.